जावेची थराची कॉफी

आमच्यात मी पहिली बी.ए. माहेरी वडिवळ्यात पहिली आणि सासरी कान्ह्यातही पहिली. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. वडिवळ्याहून कामशेतपर्यंत चालत यायचं, तिथून गाडीनं पुणं, संध्याकाळी तसंच परत. चार वर्षं मी हे केलं. बरोबरीच्या पोरी खाचरात गुडघाभर चिखलात असायच्या तेव्हा मी गाडीत उभ्या उभ्या इतिहास पाठ करत होते. त्या पदवीचा मला तेव्हा अभिमान होता आणि आजही आहे. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

लग्नानंतर लोणावळ्यात आले. नवरा रेल्वेत कारकून, मी शाळेत शिक्षिका. बाजाराच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या, धाकट्या दिराच्या दोन, मधे सामाईक पडवी, मागे आड. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या कधी आमच्याकडे जेवत, कधी धाकट्यांकडे. जिकडे कालवण बरं असेल तिकडे. पाहुणा आला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "ही आमची थोरली. बी.ए. हाय. इंग्रजी वाचती घडाघडा." मी मान खाली घालून चहाचा कप पुढे करायचे, पण ते वाक्य ऐकल्याशिवाय आत जायचे नाही.

धाकटी जाऊ डोंगराकडच्या वाडीवरची. मराठी चौथी शिकलेली. बोलणं तिकडचंच, 'हाय' न् 'न्हाई'. मीही तसंच बोलत वाढले होते. 'न्हाई'चं 'नाही' करायला मला कॉलेजात वर्ष घालवावं लागलं, तेही पोरींच्या हसण्याला तोंड देत. आणि ही मात्र 'न्हाई' म्हणत लोणावळ्याच्या बाजारात, बंगल्यात, स्टेशनात कुठंही खुशाल वावरायची. तिला कुणी हसत नसे. मला ते तेव्हापासूनच खटकायचं.

सत्तर साल उलटून गेल्यावरची गोष्ट. खोपोलीकडच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला एक इटालियन इंजिनिअर आला होता. त्यानं तुंगार्लीच्या बाजूला बंगला भाड्यानं घेतला आणि त्याच्या बायकोच्या हाताखाली आमची धाकटी लागली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ती बाई मोडकं इंग्रजी बोलायची, ही अस्सल मावळी. तरी दोघींचं तासन्‌तास चालायचं म्हणे.

एका रविवारी धाकटीनं तिथला एक पदार्थ घरी केला. आता नातीनं मला त्याचं नाव सांगितलंय, तिरामिसू. पुण्यात मोठाल्या हॉटेलांत मिळतो म्हणे. तेव्हा त्याला नाव होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. त्या बाईंच्या माहेरी करायचे, एवढंच आम्हाला माहीत. धाकटी त्याला 'थराची कॉफी' म्हणायची, म्हणून आम्हीही.

मी पडवीत वह्या तपासत बसले होते आणि एक डोळा तिच्या चुलीकडे होता. तिनं बिनदुधाची काळीकुट्ट कॉफी उकळून गार करत ठेवली. म्हशीच्या दुधाची साय रवीनं घुसळली. आदल्या रात्री फडक्यात टांगलेला दह्याचा चक्का साखर घालून हातानं मऊ केला आणि त्यात ती साय मिसळली. मग बेकरीतले गोड टोस्ट घेतले. एक बाजू कॉफीत, लगेच दुसरी बाजू, आणि उचल. कडीच्या स्टीलच्या डब्यात टोस्टांचा थर, त्यावर साय-चक्क्याचा थर, परत टोस्ट, परत साय. वरून चहाच्या गाळणीतून कोको भुरभुरला. झाकण लावलं, कडीला दोर बांधला आणि डबा आडात सोडला, पाण्याच्या वर वीतभर. आमच्याकडे कुणाकडे बर्फाचं कपाट नव्हतं. धाकटीला त्याची गरजही वाटली नाही.

"बंगल्यात चक्का घालतात?" मी विचारलं.

"न्हाई वो आक्का. त्येंच्याकडं कसलं तरी मऊ चीज मिळतंय. हितं कुटं मिळायचं? मॅडम लय हिरमुसली व्हती. मंग म्याच दही बांदलं फडक्यात. तिला वाटलं मी कायतरी धुतीया."

संध्याकाळी जेवणं झाल्यावर डबा वर काढला. आत्याबाईंनी आधी लांबूनच पाहिलं.

"वरनं काय भुरकटलंय? राखुंडी व्हय गं? दात घासू का खाऊ?"

"खाऊन तर बगा आत्याबाई. मंग पायजे तर घासा."

आत्याबाईंनी चमचाभर घेतलं. डोळे मिटले. "अगं धाकटे, ह्ये जिभंला लागतंय तवर जातंय की गं!"

माझ्या नवऱ्यानं खाल्लं. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही, तोही तिच्याशी बोलत नाही. काय असेल ते मधल्या माणसाला सांगायचं. तो आत्याबाईंना म्हणाला, "आई, तिला म्हणावं, डब्यात खाली काही उरलं असेल तर इकडं दे." आणि डबा घेऊन बोटानं पुसून खाल्लं. सात वर्षांच्या संसारात माझं एकही भांडं त्यानं असं पुसून खाल्लं नव्हतं.

मीही खाल्लं. चांगलं होतं. कडू, मग गार, मग गोड. मी म्हटलं, "साखर जरा जास्त झालीय." साखर अगदी बेताची होती.

त्यानंतर दर पंधरवड्याला थराची कॉफी होऊ लागली. शेजारपाजार खाऊन गेला, स्टेशनातले दोन बाबू खाऊन गेले. कान्ह्याहून चुलत सासरे आले, तर पायताण काढता काढताच विचारतात, "ती थराची कॉफी करनारी सून कंची रं?" आणि आत्याबाईंनी धाकटीकडे बोट दाखवलं. माझं बी.ए. त्या दिवशी कुणी काढलं नाही. मी चहा दिला, कप परत नेला, आणि मोरीत तो विसळताना इतका आपटला की कान उडाला.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कारखान्याचं काम संपलं आणि ते इटालियन जोडपं चार दिवसांत आवरून मायदेशी गेलं. जाताना बाईंनी धाकटीला अर्धा डबा कोको दिला आणि एका कागदावर इंग्रजीत ती कृती लिहून दिली. धाकटी कागद घेऊन माझ्याकडे आली.

"आक्का, काय लिवलंय वाचा की."

मी वाचलं. मोडक्या इंग्रजीत सगळं तसंच होतं जसं ती करायची. खाली शेवटी एक ओळ होती. चक्का मला हिनं शिकवला, आमच्याकडच्यापेक्षा चांगला लागतो, अशा अर्थाची. ती ओळ मी तिला वाचून दाखवली नाही. कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "कृतीच आहे. राहू दे माझ्याकडे, तुझ्याकडं उंदीर खातील."

दुसऱ्या महिन्यात खंडाळ्याच्या रस्त्यावरच्या एका गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकीण हवी असल्याचं कळलं. अर्ज इंग्रजीत हवा, आणि आजवर काय काम केलंय, काय काय येतं, ते त्यात लिहिलेलं हवं. धाकटीचा जीव त्यात अडकला. लोणावळ्यात काम मिळालं नाही तर जूनमध्ये तिनं कान्ह्याला जाऊन भातलावणीला उभं राहायचं, असं दिरानं सांगून टाकलं होतं.

"चिखलाचं मला काय न्हाई आक्का," ती म्हणाली. "जल्मापास्नं चिखलातच व्हते. पन आता चुलीपाशी हात बसलाय. त्यो मोडायचा न्हाई बगा मला."

अर्ज लिहू शकेल असं घरात एकच माणूस होतं.

मी आज-उद्या करत राहिले. परीक्षेचे पेपर आहेत, डोकं दुखतंय, चांगला कागद आणायचाय. नवरा म्हणाला, "अगं, लिही ना. दहा मिनिटांचं काम."

"इंग्रजी अर्ज लिहिणं म्हणजे भाकरी थापणं नाही," मी म्हटलं.

धाकटी दारात तांदूळ निवडत होती. हसून म्हणाली, "मंग बरंच हाय की आक्का. भाकरी तर तुमची कोकनाच्या नकाशावानी व्हती."

आत्याबाई खोकला येईपर्यंत हसल्या. तोंडात तंबाखू असलेला माझा नवराही हसला. मी नाही हसले.

त्याच आठवड्यात धाकटी आणि आत्याबाई एका हळदीला कान्ह्याला गेल्या. मला शाळेला सुट्टी होती, घरात कुणी नव्हतं. मी तो कागद काढला. माझा विचार सरळ होता. मी कागद वाचून ती कॉफी केली आणि ती झाली, म्हणजे त्यात हिचं काही नाही, ते वाचता येणाऱ्या कुणालाही जमेल. मग अर्ज लिहायलाही माझी ना नव्हती. दोन दिवस साय साठवली होती, चक्का टांगला होता, टोस्ट आणले होते. कोको तिच्या फडताळातून घेतला.

कागदात लिहिलं होतं, कडक कॉफी. आमच्याकडे कॉफी म्हणजे एकादशीची, दुधातली, जायफळ घातलेली. बिनजायफळाची कॉफी मी जन्मात केली नव्हती. धाकटीची कॉफी काळी असते हे पाहिलं होतं, म्हणून दूध तेवढं कमी घातलं, पण जायफळ उगाळून कधी पडलं ते मला कळलंही नाही. टोस्ट आम्ही चहात बुडवतो तसे बुडवून धरले. डब्यात ठेवायला उचलले तर अर्धे पातेल्यातच राहिले.

मग साय घुसळायला घेतली. कागदात होतं, चांगली फेटावी. मी चांगली फेटली. एका टप्प्यावर ती छान फुलून आली होती, हे मला दिसलं. तिथं थांबायचं असतं हे मात्र मला ठाऊक नव्हतं. वडिवळ्यात आईनं रवी हातात दिली तेव्हा एकच गोष्ट शिकवली होती, लोणी वर येईपर्यंत हात थांबवायचा नाही. मधेच थांबलेल्या पोरीला तिथं आळशी म्हणत. तेव्हा मी थांबले नाही. खांदे भरून आले, साय फुटली, आणि पिवळसर लोण्याचे गोळे पातळ ताकावर तरंगायला लागले.

मी त्या पातेल्याकडे बघत बसले होते, तेवढ्यात धाकटी दारात. हळदीहून ती लवकर परतली होती, आत्याबाईंना तिकडेच ठेवून. कुंकवानं कपाळ माखलेलं. तिनं सगळं पाहिलं. टोस्टाचा लगदा, लोणी, कोकोचा डबा, आणि गुडघ्यावर पसरलेला कागद. बोट बुडवून कॉफी चाटली.

"आक्का... जायफळ?"

"पडलं हातून."

तिला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. मग खाली बसली आणि पातेलं स्वतःकडे ओढलं. "लोनी तर झकास आलंय बगा. वाया न्हाई जायाचं. कडवू आता."

तिनं लोणी तीन पाण्यांनी धुतलं आणि चुलीवर चढवलं. फडताळातली तिची स्वतःची वाटीभर साय आणली, रवी माझ्या हातात दिली आणि माझ्या हातावर हात ठेवला. "आवाज आयका. आता कसं छपछप करतंय? ह्ये असं चालू द्या. आता बगा... जड झालं, भसभस आलं का न्हाई? सोडा. सोडा की आक्का!"

मी सोडली. रवीच्या टोकावर साय उभी राहिली.

कागदात हे कुठंच नव्हतं. त्या इटालियन बाईंनाही कदाचित लिहिता आलं नसतं. हिच्या कानात होतं, आणि हिनं ते एका मिनिटात मला देऊनही टाकलं, वर तूपही कढवून दिलं. तिनं टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं. मी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

"आक्का, परवा शेवटचा दिस हाय अर्जाचा," ती तूप गाळता गाळता म्हणाली.

मी हात धुतले आणि तिथंच बसून अर्ज लिहिला. सुरेख अक्षरात, व्याकरणाची एक चूक नाही. त्यात लिहिलं की या बाईंनी एका परदेशी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून काम केलं आहे. भाजी चिरणं, वाटणघाटण, भांडी, साफसफाई ही कामं त्या प्रामाणिकपणे करतात. देखरेखीखाली साधा स्वयंपाकही करू शकतात.

"आता मराटीत वाचा," धाकटी म्हणाली आणि मांडी घालून समोर बसली.

मी वाचलं. कागदाकडे बघत, एकेका ओळीवर बोट ठेवत. ही बाई देशी-परदेशी सगळा स्वयंपाक एकटीच्या जोरावर करते, तिच्या हाताला चव आहे, परदेशी बाईंनाही तिनं दोन गोष्टी शिकवल्या. इतकं चांगलं मराठी मी वर्गातही बोलले नव्हते.

धाकटी म्हणाली, "लय भारी लिवलंय आक्का. मला ठावंच न्हवतं मी येवडी हाय."

मी सहीची जागा दाखवली. तिनं जीभ दातांत धरून नाव लिहिलं.

आठवड्यानं तिला गेस्ट हाऊसमधून बोलावणं आलं. दुपारी ती परत आली ती थेट माझ्या दारात. चप्पलही काढली नाही.

"आक्का, कागदात काय लिवलं व्हतं?"

"वाचून दाखवलं ते."

"सायेब म्हनला, स्वयपाकीन दुसरी येनार हाय. तुमी भांडी न् चिराचिरीला या. म्या म्हनलं, मला समदं येतंय. तर म्हनला, तुमच्या अर्जातच तसं न्हाई." ती थांबली. "मंग तुमी आनि सायेब, दोगांतल्या कुनाला इंग्रजी येत न्हाई?"

ती माझ्याकडे बघत होती. चिडलेली असती तर मी नजर वर उचलली असती.

पडवीतून आत्याबाईंनी विचारलं, "काय झालं गं? मिळालं का काम?"

"मिळंल आत्याबाई," धाकटी माझ्यावरची नजर न काढता म्हणाली. "उद्या आक्का येनार हायती माझ्यासंगं. सायबासंगं इंग्रजी बोलाया."

"मंग काय बगायचं!" आत्याबाई म्हणाल्या. "आमची थोरली बोलाया लागली म्हंजे सायेब गार."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खंडाळ्याच्या रस्त्यानं चालत गेलो. ती दोन पावलं पुढे. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते. लिहिताना अनवधानानं काही तपशील राहून गेले, घाई झाली, गैरसमज नको. सभ्य वाक्यं होती आणि धाकटीला त्यातलं अक्षर कळणार नव्हतं.

गेस्ट हाऊसचे व्यवस्थापक पन्नाशीचे गृहस्थ होते. मी इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनी माझं पहिलं वाक्य संपू दिलं, लेखणी खाली ठेवली आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "बाई, मराठीत बोला ना. यांनाही कळू दे. चूक कशी झाली?"

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं.

"चूक झाली नाही," मी म्हटलं. "मी तसंच लिहिलं. हिला सगळा स्वयंपाक येतो. माझ्यापेक्षा चांगला येतो."

"मग असं का लिहिलंत?"

"जळले म्हणून."

ते जरा ओशाळले. टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. मग तिला म्हणाले, "रविवारी मुंबईची आठ माणसं येतायत. जेवण तुम्ही करा. काय करणार?"

धाकटीनं मटण सांगितलं, तांदळाची भाकरी सांगितली, आणि शेवटी गोडाला म्हणून ती कॉफी सांगितली. तिथं बर्फाचं कपाट होतं. तिनं ते उघडून आत हात घालून पाहिला आणि म्हणाली, "आडापरास गार हाय की."

तिला ती जागा मिळाली. पंधरा-सोळा वर्षं तिनं तिथलं स्वयंपाकघर चालवलं. पुढे मुंबईची माणसं खोली ठरवताना आधी विचारायची, बाई आहेत ना. हे मला आत्याबाई मुद्दाम येऊन सांगायच्या आणि दर वेळी मी पहिल्या दिवसासारखीच जळायचे. कबूल केल्यानं ते कमी झालं नाही. उगाच कशाला खोटं सांगू?

घरात हे कुणाला कळलं नाही. तिनं सांगितलं नाही. सणावाराला तिच्याकडून वाटी येत राहिली, माझ्या बाळंतपणात तिनं सव्वा महिना माझं केलं. आक्का म्हणायची ती म्हणतच राहिली. फक्त त्या दिवसापासून तिनं माझ्याकडून एक कागद लिहून घेतला नाही की वाचून घेतला नाही. रेशनचा फॉर्म असो की पोरीच्या शाळेचा दाखला, ती तो पदराखाली धरून माझ्या दारावरून पुढे जायची. चार घरं टाकून एक मॅट्रिक झालेला दुकानदार होता, त्याच्याकडे. माझ्याच घरात बी.ए. आणि माझ्याच दारावरून कागद पुढे जायचे.

दोनेक वर्षांनी एका दुपारी पोस्टमननं परदेशी तिकिटाचं पाकीट माझ्या हातात दिलं. नाव धाकटीचं होतं. इटलीचं तिकीट, मागे त्या बाईंचं तिरकं अक्षर. मी ते दिवसभर फडताळात उभं करून ठेवलं. उघडलं नाही. संध्याकाळी ती आली तेव्हा पडवीत जाऊन तिच्या हातात दिलं.

"मॅडमचं हाय व्हय?" तिचा चेहरा फुलला. पाकीट उलटसुलट करून पाहिलं, नाकाशी नेलं.

"वाचू का?" मी विचारलं.

तिनं क्षणभर विचार केला. रागानं नव्हे, एखाद्या भांड्यात दूध ठेवावं की नाही, असा विचार करतात तसा.

"ऱ्हाऊ द्या आक्का," ती म्हणाली. "उद्या सायबाकडनं वाचून घीन." आणि पाकीट पिशवीत भाजीच्या खाली घालून तिच्या खोलीत गेली.